गावाला कायमचं जायचंय? आधी एक पावसाळा भाड्याने काढा

दरवर्षी एप्रिलच्या शेवटाला माझा फोन वाजायला लागतो. कोणीतरी जुना मित्र, नाहीतर मित्राचा मेहुणा. गावाला जाऊन आलेला असतो, आंबे खाल्लेले असतात, समुद्रावर सूर्यास्त बघितलेला असतो. "कंटाळा आला रे इथला. आता कायमचं कोकणातच यायचं म्हणतोय. तू कसं जमवलंस ते सांग."

आम्ही जमवलं ते बरंचसं चुकत-माकत. जानेवारी २०२१ मध्ये मी, बायको आणि सहावीतली मुलगी डोंबिवली सोडून कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहायला आलो. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरात आलं होतं. दोन लॅपटॉप, एक ऑनलाइन शाळा आणि कुकरच्या शिट्ट्या एकाच खोलीत मावेनाशा झाल्या, तेव्हा ठरवलं. त्यानंतर पाच पावसाळे काढले. परत जायचा विचार आता येत नाही, पण पहिल्या वर्षी तो महिन्यातून दोनदा तरी यायचा. फोनवर दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमवार लिहून ठेवतो. हे सिंधुदुर्गापुरतं आहे. रत्नागिरी-रायगडात तपशील थोडे बदलतील, गोम बहुतेक हीच राहील.

१. मे महिन्यात काहीही ठरवू नका

मे महिन्यातलं गाव हा गावाचा सजवलेला चेहरा असतो. चाकरमानी आलेले, सगळ्या घरांची दारं उघडी, खळ्यात (अंगणात) पोरं, रात्री पत्त्यांचा डाव. पाऊस लागला की एकेक कुटुंब गाडीत बसतं आणि दारांना कुलपं लागतात. आम्ही राहायला आलो त्या वाडीत चौदा घरं होती. जूनच्या मध्यावर त्यातल्या सहांमध्ये दिवा लागायचा, आणि त्या सहांपैकी चारांमध्ये सत्तरीच्या पुढची माणसं.

गाव तीनदा बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत डोकावायला. जुलैत पाऊस बघायला. आणि ऑक्टोबरात, जेव्हा भातकापणी चालू असते, ऊन चटका देतं आणि कोणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. तिसरी भेट सगळ्यात खरी.

२. एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा

या लेखातलं एवढं एकच ऐकलंत तरी चालेल. घर बांधू नका, जागा घेऊ नका, इसार देऊ नका. जून ते सप्टेंबर भाड्याने राहा.

मला हे सांगणारे आमचे शेजारचे आबा. आल्या आल्या मी त्यांना जागा बघायला निघालोय म्हणून सांगितलं. ते विडी पेटवत म्हणाले, "आधी एक पावस काड हंयसर, मगे घराचा बोल." मला तेव्हा ते जुन्या माणसाचं नेहमीचं बोलणं वाटलं. भाड्याने राहिलो ते केवळ पैसे जुळत नव्हते म्हणून.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर, आणि वर घाटात आंबोलीला सात हजारांच्या आसपास. आकडा वाचून काही कळत नाही. चामड्याचा पट्टा खुंटीवर टांगून चार दिवसांनी काढायला जावं आणि तो हिरवा व्हावा, तेव्हा कळतं. मिठाला पाणी सुटतं. पुस्तकांच्या बांधणीवर पांढरी बुरशी धरते. कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी वाळले तरी कुबट वास जात नाही. दुपारी चारला दिवा लावावा लागतो, तो लावायला जावं तर वीज गेलेली असते.

आमच्या घरात गावाची हौस माझ्यापेक्षा बायकोला जास्त. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सलग बारा दिवस झड लागलेली असताना, ती ओटीवर चहाचा कप घेऊन बसली होती. चहा थंड झाला तरी कप हातातच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मला निदान दिवसातून एकदा रस्त्यावरून बस जाताना दिसली पाहिजे." तोपर्यंत आम्ही बघून ठेवलेली जागा व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे, काजूच्या बागेत, रस्त्यापासून पाऊण किलोमीटर आत होती. फोटोत स्वर्ग. त्या एका वाक्यावर ती जागा बाद झाली. आज आम्ही राहतो तिथून एसटी दिसते, ऐकूही येते.

राहताना एक नोंद ठेवा. कालनिर्णयाच्या चौकटीत लोक दुधाचा हिशोब लिहितात, मी विजेचा लिहिला. किती वाजता गेली, किती वाजता आली. पहिल्या जुलैची बेरीज एकसष्ट तास भरली. त्यावरून इन्व्हर्टर केवढा घ्यायचा ते ठरलं, दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही. त्याच चौकटीत हेही लिहा: कुठला साकव (छोटा पूल) पाण्याखाली गेला, कुठल्या कंपनीचा फोन लागला, मुलांची शाळा किती दिवस बुडाली, आणि दोघांपैकी कोण कुठल्या दिवशी वैतागलं. शेवटचा रकाना लपवू नका.

भाड्याचं घर सहज मिळत नाही, हेही आधी सांगतो. बंद घरं पुष्कळ, पण मालक मुंबईला आणि मालक म्हणजे चार भाऊ. तिघं हो म्हणतात, चौथ्याला शंका. वाडीत कोणाच्या तरी ओळखीनेच जा. भाडेकरार मात्र नोंदवूनच घ्या. पुढे गॅस, आधार, शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो.

३. "गावाला आपलं घर आहेच की"

कोकणातल्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज. माझाही होता. आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, पडवी, माजघर, मागे मांगर (सरपण-अवजारं ठेवायची खोप). आम्ही त्यातच जाऊन राहणार होतो. सातबारा काढला तर त्यावर एकतीस नावं. त्यातली नऊ माणसं हयात नाहीत आणि दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही.

सामाईक घरात राहायला सहसा कोणी अडवत नाही. अडचण तुम्ही खिळा ठोकायला लागलात की सुरू होते. कौलं काढून पत्रा घालायचा म्हटलं, संडास आत घ्यायचा म्हटलं, की बोरिवलीहून काकांचा फोन येतो: "कोणाला विचारून?" पैसे तुमचे जातात, घर सगळ्यांचं राहतं, आणि गणपतीत आल्यावर नव्या बाथरूमला नावं ठेवायला एकतीसही मोकळे.

तरीही तेच घर हवं असेल तर क्रम असा:

- सातबारा, आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. ऑनलाइन डिजिटल सहीचे मिळतात, पण जुने हस्तलिखित फेरफार बऱ्याचदा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात.
- मयत माणसांचे वारस लावून घ्या. मृत्यूचे दाखले आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. इथे आत्यांना विसरू नका. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. लग्न होऊन गेलेल्या आत्याचं नाव "कशाला उगाच" म्हणून गाळलं, तर दहा वर्षांनी आतेभाऊ वकील घेऊन येतो, आणि त्याचं बरोबरच असतं.
- सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. ज्यांना हिस्सा नकोच आहे त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घ्या, नोंदणीकृत. गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर दिलेला शब्द कागद नसतो.

एक सापळा वेगळा सांगतो. घरपट्टी आपल्या नावावर आहे म्हणून घर आपलं, असं समजून लोक निवांत असतात. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा कर कोण भरतो ते सांगतो. खालची जमीन कोणाची, ते सातबाराच सांगतो. देशावरच्यासारखी आमच्याकडे घरं गावठाणात दाटीने नसतात, ती वाडीवाडीत ज्याच्या त्याच्या सर्व्हे नंबरात विखुरलेली असतात. त्यामुळे घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असा प्रकार सर्रास दिसतो.

आमच्या एकतीस जणांचं जमलं नाही. दोन वर्षं घालवून मी तो नाद सोडला. घर अजून आहे, घराण्याचा गणपती तिथेच बसतो, आम्ही शेजारच्या गावात राहतो. नाती टिकली, ती बहुधा त्यामुळेच.

४. विकत घेताना काय बघायचं

पहिला प्रश्न: तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे महाराष्ट्रात कुठेतरी सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतलीत तर व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. "पुढचं मी बघतो" म्हणणारा दलाल तेव्हा कुठेच नसतो. शेतकरी नसाल तर बिनशेती झालेला प्लॉट किंवा बांधलेलं घर घ्या. बिनशेतीचा आदेश हातात घेऊन वाचा. "प्रपोज्ड एनए" असं फलकावर लिहिलेलं असेल तर ती अजून शेतजमीनच आहे.

सातबारा कसा वाचायचा, ते थोडक्यात:

- वर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागते.
- "इतर हक्क" या रकान्यात सगळी भुतं राहतात. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, देवस्थान, खाजगी वनाची नोंद. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद दिसली तर तिथूनच माघारी फिरा. हिरवीगार डोंगरउतरणीची जागा स्वस्त मिळतेय, याचं कारण पुष्कळदा या एका ओळीत असतं.
- क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे जवळपास तेवढाच. जांभ्याचं पडीक कातळ "पोटखराबा" म्हणून वेगळं दाखवलेलं असतं, तेही बघा.
- सामाईक सातबाऱ्यातले "आमच्या वाट्याचे पाच गुंठे" घेऊ नका. कुठले पाच, ते उद्या कोणी सांगत नाही. शिवाय तुकडेबंदीचे (फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचे) नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा आजचा नियम तलाठ्याकडून विचारून घ्या. (पाटीवर आता "ग्राम महसूल अधिकारी" असतं. गावात सगळे तलाठीच म्हणतात.)
- समुद्र, खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणजे बांधकाम परवानगीची भानगड आहे, असंच धरून चला.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून सरकारी मोजणी करा, आणि ती खरेदीखताआधी करा. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे लगतदार हजर असले पाहिजेत. आमच्या मोजणीत दक्षिणेकडचा गडगा (दगडी कुंपण) चार फूट आमच्या हद्दीत निघाला. शेजाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हयो गडगो माझ्या आज्यान घातलो." मी तो चार फूट सोडून दिला. शहरातल्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल, पण त्याच शेजाऱ्याने पुढे बांधकामाला वर्षभर स्वतःच्या विहिरीचं पाणी दिलं.

सगळ्यात शेवटी, आणि लोक नेमकं हेच विसरतात: वाट. घरापर्यंत जाणारी पाणंद कोणाच्या जमिनीतून जाते? "इथून सगळेच जातात" हे तोंडी आहे तोवर ठीक. एखाद्या दिवशी कोणी बांबू आडवा टाकला की मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावत बसावं लागतं. गाडीची वाट खरेदीखतात लिहून घ्या, रुंदीसकट.

५. पाणी आणि वीज

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे मे महिन्यात पाण्याची बोंब कशी, हे मला पहिल्या वर्षी खरंच कळत नव्हतं. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यात थांबत नाही, झिरपून खाली व्हाळाला आणि तिथून खाडीला जातं. नोव्हेंबरात काठोकाठ भरलेली विहीर दाखवून जागा विकणारे पुष्कळ. ती विहीर २५ मेला बघा. शेजाऱ्याच्या विहिरीला किती हात पाणी आहे तेही विचारा. बोअरवेल मारायचा विचार असेल तर आधी आसपासच्या दोन-तीन बोअर किती खोल गेल्या ते बघून घ्या. आमच्याकडे पहिली कोरडी गेली.

विजेचं वर सांगितलंच. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा आमच्याकडे नवव्या दिवशी दिवे लागले, आणि मी त्या नऊ दिवसांत कुडाळात एका ओळखीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ऑफिसचं काम केलं. इन्व्हर्टर मोठा घ्या. इंटरनेट फायबर आणि शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की राउटरचे, टीव्हीचे प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मी दोन राउटर जाळून हे शिकलो.

६. पोटाचं काय?

अपेक्षा अशी असते: थोडी बाग करू, एक होमस्टे काढू, खर्च कमी, भागेल.

खर्च काही बाबतीत कमी होतो. भाडं, भाजी, मासे, आणि दर रविवारी मॉलमध्ये जाणारे पैसे. काही बाबतीत वाढतो, आणि तो कोणी धरत नाही. गाडीशिवाय पान हलत नाही, दोघांना दोन गाड्या लागतात. दरवर्षी पावसाआधी डागडुजी. मुंबईच्या फेऱ्या. आणि पाहुणे! एप्रिल-मे आणि गणपतीत आमच्याकडे गाद्या कमी पडतात. कोकणात घर घेतलंत की दूरचे नातेवाईक जवळचे होतात.

हापूसची बाग मनात असेल तर एवढं ऐका. कलम लावल्यावर चार-पाच वर्षं थांबायचं, त्यानंतरही भरघोस यायला आणखी काही वर्षं. हापूस मुळात वर्षाआड फळणारा, म्हणून बागायतदार कल्टार (मोहोर आणणारं रसायन) घालतात. मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्स, ते आवरले तर अवकाळी, आणि त्यातूनही उरलं ते वानरं नेतात. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, वानरांना ते कोणी कळवलेलं नाही. बाग करायचीच तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातल्या फळ संशोधन केंद्रात आधी जाऊन या. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथल्याच. काजूला देखरेख आंब्यापेक्षा कमी लागते, नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

होमस्टेचा हंगाम दिवाळी ते मे, त्यातही गर्दी सुट्ट्यांपुरती. बाकी दिवस चादरींना बुरशी येऊ न देणं हेच काम. माझा हिशोब सरळ आहे: बाहेरून येणारं उत्पन्न, म्हणजे घरून करायची नोकरी, निवृत्तिवेतन, भाडं, काहीतरी निदान तीन वर्षं चालू राहणार असेल तरच या. आणि ऑफिसकडून "घरून काम"चं पत्र लेखी घ्या. आमच्या ओळखीतलं एक जोडपं २०२२ मध्ये सामान उलगडून होत नाही तोच कंपनीने बोलावलं म्हणून परत गेलं. फ्रिज अजून आमच्या पडवीत आहे.

७. दवाखाना

इथे मात्र मनाची समजूत घालू नका. साध्या तापाला, बाळंतपणाला, हाड मोडलं तर कुडाळ, सावंतवाडी, कणकवली पुरतं. जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण गंभीर काही झालं की गाडी अजूनही गोव्याकडे वळते, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. कुडाळहून दोन तास तरी धरा. घरात हृदयरोगी, डायलिसिसवर असलेलं माणूस किंवा जोखमीचं गरोदरपण असेल तर गावात आत राहू नका, तालुक्याच्या ठिकाणी घर घ्या.

आरोग्य विमा असेल तर रोकडरहित सोय असलेली रुग्णालयं जिल्ह्यात आणि गोव्यात कुठली, ती यादी निघायच्या आधीच बघा. १०८ चा नंबर मुलांनाही पाठ हवा. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही इथे आहेत. सर्पदंशाची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते ते आल्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन विचारून या, चावल्यावर नव्हे. रात्री टॉर्चशिवाय खळ्यातही उतरू नका. भातशेतीच्या दिवसांत चिखलात जायचं तर गमबूट. ताप आला तर लेप्टोची (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका असते, अंगावर काढू नका. दोडामार्ग भागात जागा बघत असाल तर माकडतापाबद्दल तिथल्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

८. माणसं

शांतता हवी म्हणून लोक येतात. वाहनांची शांतता मिळते. माणसांची नाही.

दारातून पाऊल बाहेर टाकलं की "खंय चललास?" पहिल्या महिन्यात मला वाटायचं, यांना काय करायचंय? उत्तर द्यायला मी चालढकल करायचो. मग एकदा कुडाळला जाताना वाटेत गाडी बंद पडली. मी कोणाला फोन करायच्या आत वाडीतला एक मुलगा मोटारसायकल घेऊन हजर. आबांनी पाठवलं होतं. मी सकाळी त्यांना "बाजारात" म्हणालो होतो आणि दोन वाजले तरी परतलो नव्हतो. आता मी न विचारताच सांगतो.

"फाल्या" हा शब्द शिकून घ्या. अर्थ: उद्या. गवंडी, वायरमन, प्लंबर, सगळे "फाल्या येतंय" म्हणतात. ही फसवणूक नसते. लावणीच्या दिवसांत त्याची स्वतःची शेती असते, गणपतीत भजन, शिमग्यात पालखी, हिवाळ्यात जत्रा आणि दशावतार. बांधकामाचं वेळापत्रक आखताना हे सगळं वजा करून जे दिवस उरतात तेवढेच धरा. आमचं सहा महिन्यांचं काम चौदा महिने चाललं.

गणपतीचं एक सांगतो. भाड्याच्या घरातला आमचा पहिला गणपती. संध्याकाळी कोणीतरी म्हणालं, रात्री भजन येतलां. मी म्हटलं, येऊ दे. बायकोने दहा-बारा माणसांचा चहा टाकला. रात्री साडेबाराला पखवाज आणि टाळ घेऊन अडतीस माणसं ओटीवर चढली. भजनानंतर उसळ-पाव द्यायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकी मागच्या दाराने आल्या, हातात काळ्या वाटाण्याच्या उसळीचं पातेलं, डोक्यावर पावाची पिशवी. "माका म्हायत होता तुमका म्हायत नाय ता," एवढंच बोलल्या आणि वाढायला लागल्या. त्या रात्रीनंतर वाडीत आम्हाला "मुंबयवाले" म्हणणं थांबलं.

वर्गणी द्या, मागायच्या आधी. गावच्या देवळाच्या मानपानाबद्दल मत देऊ नका, निदान पाच वर्षं. ग्रामसभेला जा, मागे बसा, ऐका. कोणाची जमीन कोणाशी लागते आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे नकाशात नसतं, तिथेच कळतं.

९. कागदपत्रं हलवणं

हे त्या मानाने सोपं. आधारवरचा पत्ता, मतदार यादीसाठी फॉर्म ८, रेशन कार्डावरचं नाव जुन्या ठिकाणी कमी करून इकडे लावणं, गॅसचं हस्तांतर, बँकेची शाखा. मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलायची गरज नाही, पत्ता बदलला की झालं. तरी गावातली पोरं एमएच-०५ बघून दोन वर्षं हसत होती.

प्रवासाचं: कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं काही मिनिटांत संपतं. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात. चिपीला विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण फेऱ्या कधी असतात कधी नसतात. २०२३ पासून गोव्यातला मोपा विमानतळ चालू झाल्यावर आम्ही तिकडेच जातो. महामार्गाचा आमच्याकडचा पट्टा चांगला आहे. रायगडात शिरल्यावर बोलू.

१०. पहिल्या जूनच्या आधी

जुनी माणसं याला आगोट म्हणतात. मेच्या वीस तारखेपर्यंत हे झालेलं असलं पाहिजे:

- कौलं शाकारून घ्या, पन्हळी साफ करा. शाकारणारा माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मेमध्ये तो मिळत नाही.
- घरावर झुकलेल्या माडाच्या झापा आणि आंब्याच्या फांद्या तोडून घ्या.
- सरपण असेल तर मांगरात भरा, जमिनीपासून वर, विटांवर. खाली ठेवलंत तर वाळवी आणि तिच्यामागून बाकीचे.
- तांदूळ, कडधान्यं, मसाला, सुकी मासळी, कोकमं उन्हात तापवून हवाबंद डब्यात. जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात नुसते सुके बांगडे आणि सोडे.
- मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, लागणारी औषधं दोन महिन्यांची.
- घराभोवतीचं गवत काढा, पाणी वाहून जायला चर मारा.
- चामड्याच्या सगळ्या वस्तू मुंबईला आईकडे पाठवून द्या.

यातलं काही राहिलं तर शेजारी सांगतीलच. आमचे आबा दरवर्षी मेच्या पंधरा तारखेला गडग्यापाशी येऊन आमच्या छपराकडे बघत उभे राहतात. काही बोलत नाहीत. मी शाकारणाऱ्याला फोन लावतो.